श्रीनामदेवरायांचे मडके

कार्तिक वद्य एकादशी जवळ आली की आमच्या वसई भागातल्या माळकऱ्यांची ओढाताण सुरू होते. त्या एकादशीला माउलींच्या समाधिसोहळ्यासाठी आळंदी भरते, आणि त्याच एकादशीपासून इकडे निर्मळला शंकराचार्यांच्या समाधिस्थानी जत्रा लागते. जावयाचे कोठे? मग पारावर गोष्टी निघतात. कोणाच्या वाडीत पाणी लावायला माणूस नाही, कोणाची फुलांची पाटी पहाटेच्या गाडीने दादरला पोचली पाहिजे, कोणाला साहेब रजा देत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण दुसऱ्या जातीची एक अडचण असते. ती बाहेरून कोणी आणून घातलेली नसते. आपणच ती भिंत बांधतो, आपणच तिला सारवतो, आणि मग पुढे वाट नाही म्हणून देवाच्या नावाने कुरकुरत तिच्या आड बसतो.

ही अडचण नवख्यालाच येते असे कोणी समजू नये. ज्याच्या गळ्यातली माळ जुनी झाली त्यालाच ती अधिक. आमचेच सांगतो. काही वर्षांमागे आमच्या भजनात एक कोवळा पोरगा येऊ लागला. आळंदीस राहून नुकताच शिकून आलेला. हरिपाठाच्या एका चरणात आम्ही वर्षानुवर्षे एक अक्षर खात होतो. त्याने भजन संपल्यावर बाजूला घेऊन, आधी पाया पडून, ते सांगितले. चूक आमचीच होती. पण ऐकताच कानशिले तापली. हा पाळण्यात होता तेव्हा आम्ही पंढरीची वारी करीत होतो, आणि हा आम्हाला पाठ सांगणार! पुढच्या एकादशीला आम्ही भजनाला गेलो नाही. घरात सांगितलं, कंबर धरली आहे. ती कंबर चांगली तीन महिने धरली.

त्या तीन महिन्यांत श्रीनामदेवरायांचे चरित्र आम्हाला जसे कळले तसे आधी कीर्तनांत बसून कधी कळले नव्हते. म्हणून ते आज सांगावयास घेतले आहे.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. ज्ञाती शिंपी, धंदा कापडाचा आणि शिलाईचा. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी, आताच्या हिंगोली जिल्ह्यात. जन्म नरसीचा की पंढरपूरचा हा विद्वानांचा वाद आहे. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. वाढले ते पंढरपुरात, महाद्वाराच्या सावलीत, एवढे आपल्याला पुरे.

लहानपणीची नैवेद्याची कथा लेकरांनासुद्धा पाठ आहे. वडील गावाला गेले, आईने पोराच्या हाती ताट दिले, आणि देव जेवत नाही म्हणून पोर पायरीवर डोके आपटू लागले. तेव्हा पांडुरंग जेवला. संतचरित्रांत ही कथा मोठ्या गोडीने सांगतात आणि तिची गोडी आहेच. पण तिचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. ज्याच्या हातून देव बालपणीच जेवला, त्याला जगात दुसऱ्या कोणाकडे काही मागावेसे कसे वाटेल? आणि दुसऱ्या कोणी आपले काही चुकते असे सांगितले तर ते त्याच्या कानात कसे शिरेल?

इकडे घर होते. बायको राजाई, पुढे नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, लेक लिंबाई; शिवाय घरात जनाबाई. खाणारी तोंडे पुष्कळ. दामाशेटींनी मुलाला कापडाचे गाठोडे देऊन बाजारात धाडले, तर त्याने वाटेतल्या धोंड्यांना कापड दिले, आणि पैशाला जामीन म्हणून एक धोंडा उचलून घरी आणला. त्या धोंड्याचे पुढे सोने झाले असे कथा सांगते. कीर्तनात येथे हशा पिकतो. आम्हीही हसलो आहोत. पण गोणाईला आणि राजाईला त्या दिवशी हसू आले नसणार. चुलीवर काय ठेवावे हा प्रश्न बाईमाणसापुढे असतो, धोंड्यापुढे नसतो. मायलेकांची आणि नवराबायकोची ही भांडणे नामदेवांच्या नावावरल्या अभंगांतून स्पष्ट येतात, कोणी ती झाकलेली नाहीत. आमच्या मते गोणाईची बाजू अशी सोडून देण्याजोगी नाही. धंदा बुडत होता याचे कारण भक्ती, असे त्या घरात सर्वांनी धरले होते, स्वतः नामदेवांनीही. खरोखर कारण तेच होते का, ते पुढे बघू.

मग ज्ञानेश्वर माउली पंढरीस आली. वयाने माउली नामदेवांहून पाच वर्षांनी लहान. तीर्थयात्रेला बरोबर चला अशी त्यांनी विनंती केली. आता पाहा, एवढा मोठा योगी आपण होऊन दाराशी आला, आणि नामदेव काय करतात? पंढरी सोडायची या कल्पनेनेच रडू लागतात. अखेर पांडुरंगानेच त्यांचा हात माउलींच्या हातात दिला. मारवाडात पाण्यावाचून जीव कासावीस झाला, विहीर खोल आणि पाणी तळाशी. माउली योगबळाने लहान होऊन खाली उतरली आणि पिऊन आली. नामदेवांना ती विद्या नव्हती. त्यांनी देवाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. देव नामदेवांना किती जवळचा होता त्याची साक्ष म्हणून ही कथा सांगतात. तशी ती आहे. पण आपण धावा केला की विहीर भरते हे एकदा पाहिल्यावर, आपल्यात अजून काही उणे आहे असे वाटायला जागाच कोठे उरते? ही यात्रा काही चरित्रकार पुढल्या प्रसंगाच्या आधी सांगतात, काही नंतर. आमच्या मनाला आधीचा क्रम पटतो.

आता तेरचा प्रसंग. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताई, नामदेव आणि इतरही. गोरोबाकाका कुंभार. ओसरीवर त्यांचे थापटणे पडले होते. मुक्ताईने सहज विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडके थापटले की कच्चे कोणते आणि पक्के कोणते ते कळते. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही परीक्षा करा की.

कुंभाराच्या घरी जाऊन ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे, कच्चे मडके दिसायला वाईट नसते. आव्यात न गेलेल्या मडक्याला काजळी लागलेली नसते, डाग पडलेला नसतो. ते पक्क्याहून गुळगुळीत दिसते. फरक बोट वाजविल्यावर कळतो. भाजलेले खणखणते, कच्चे बद्द वाजते, आणि पाणी ओतले तर मडकेही जाते आणि पाणीही.

काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सारे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले, कळवळले, हा कसला पाहुणचार म्हणून कुरकुरले. काकांनी सर्वांसमक्ष सांगून टाकले की हे एक मडके कच्चे आहे. मुक्ताई हसली. मुक्ताईचा जन्म शके १२०१ चा मानतात. म्हणजे ती नामदेवांहून नऊ वर्षांनी धाकटी. माउलींनी समाधी घेतली सन १२९६ मध्ये, तेव्हा हा प्रसंग त्यापूर्वीचा, नामदेव फार तर पंचविशीचे आणि मुक्ताई पोरसवदा. ज्याच्या ताटात देव जेवला त्याला एका कुंभाराने कच्चा ठरवावे आणि एका पोरीने हसावे! आम्हाला आमच्या भजनातला तो पोरगा येथे आठवला. त्याने तर थापटणेही मारले नव्हते, पायाच पडला होता.

थोडे विषयांतर करतो, पण ते आमच्याच गावाजवळचे आहे. निर्मळपासून सोपारा लांब नाही. आज नालासोपारा म्हटले की गाडीची गर्दी आठवते, पण एके काळी शूर्पारक नावाचे हे मोठे बंदर होते. तेथली एक कथा बौद्धांच्या पाली ग्रंथांत, उदानात आणि त्यावरील टीकेत आली आहे. बाहिय नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटले आणि तो फळीच्या आधाराने आमच्या या किनाऱ्याला लागला. अंगावर वस्त्र राहिले नव्हते म्हणून त्याने झाडाची साल गुंडाळली. लोकांनी त्याला थोर तपस्वी समजून अन्न आणले. वस्त्रे आणली ती मात्र त्याने घेतली नाहीत, कारण साल सोडली तर मानही जाईल! होता होता त्याला स्वतःलाच वाटू लागले की आपण पोचलेले आहोत. मग एका देवतेने, जी पूर्वी त्याच्याच नात्यातली होती, त्याला स्पष्ट सांगितले की तू पोचलेला नाहीस आणि पोचण्याच्या वाटेवरही नाहीस. बाहिय तडक उठला. मुक्कामाला एकेक रात्र, यापेक्षा जास्त कोठे न थांबता तो उत्तरेस श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेला निघाले होते; त्याने वाटेतच तीनदा विनवणी केली आणि उपदेश घेतला. त्यानंतर थोड्याच वेळात एका गाईने त्याला मारले. एक रात्र अधिक घालविली असती तर उपदेश राहून गेला असता. विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हणणाऱ्या संतांच्या घरात ही कथा परकी नाही.

त्याच सोपाऱ्यात बुरूड राजाच्या कोटातला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सन १८८२ मध्ये उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, आणि सर्वांत आत सोन्याची डबी. सोन्याच्या डबीत काय, तर खापराचे तेरा बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणी ते एवढ्या जपणुकीने ठेवले होते. पेटीतल्या वस्तू मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहेत. पात्र भाजलेले होते म्हणून तुकडे तरी राहिले. कच्चे असते तर इतक्या शतकांत त्याची मातीच झाली असती.

असो. बाहिय ऐकताक्षणी उठला. आमचे नामदेव तसे उठले नाहीत, हे सांगायला संकोच कशाला? ते रडत पंढरीला परत आले आणि पांडुरंगाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. मनात असे की देव आपली बाजू घेईल. देवाने बाजू घेतली नाही. संतांनी म्हटले ते खरेच आहे, तू अजून गुरू केलेला नाहीस, असे त्याने सांगितले आणि विसोबा खेचरांकडे जायची आज्ञा केली. आम्हाला वाटते, नामदेवांच्या साऱ्या चरित्रात याहून कठीण घटका दुसरी नाही. थापटणे डोक्याला लागले होते. हा घाव वर्मी लागला. नैवेद्य, विहीर, जवळीक, ज्या ज्या आधारावर ते उभे होते त्याच आधाराने त्यांना दूर जायला सांगितले. आणि नामदेव गेले. रुसून घरात बसले नाहीत. पंढरीतून पाऊल काढायच्या नावाने ज्यांना रडू येई, ते यावेळी औंढ्या नागनाथाची वाट एकटे चालले. हे औंढे नरसीपासून फार लांब नव्हे. बापजाद्यांच्या गावाजवळच गुरू बसला होता, आणि नामदेवांना तो ठाऊक नव्हता!

तेथे देवळात पाहतात तो एक म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय टाकून खुशाल पडलेला. नामदेवांनी त्याला हटकले. म्हाताऱ्याने सांगितले, माझ्याने हलवत नाही, तूच माझे पाय उचल आणि जेथे देव नसेल तेथे ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जेथे ठेवावेत तेथे खाली पिंडी. दुसरीकडे नेले, तेथेही पिंडी. म्हाताऱ्याचे पाय हातात घेऊन नामदेव देवळात फिरत राहिले, आणि फिरता फिरता त्यांच्या ध्यानात आले की आपला देव आपण चार भिंतींत कोंडला होता. तो कोंडला गेला नव्हता. कोंडलो होतो ते आपणच.

हे विसोबा कोण? पूर्वी आळंदीला याच भावंडांची टर उडविणारे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले तेव्हा मुक्ताईला खापर मिळू नये म्हणून गावच्या कुंभारांना दम भरणारे. मग माउलींनी पाठ तापविली, मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, आणि ते पाहून विसोबांनी धावत येऊन उष्टे मुखात घातले. म्हणजे ज्याने खापर अडविले होते, त्याच्याच हाती हे कच्चे मडके भाजायला आले. स्वतः अडून बसलेला आणि मग सुटलेला माणूसच अशा कामाला लागतो की काय, कोण जाणे.

नामदेव औंढ्याहून परतले ते निराळे होऊन. विठ्ठलावरचे प्रेम कमी झाले असे नाही. त्याचे कुंपण गेले. सन १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींनी आळंदीत समाधी घेतली, तेव्हा नामदेव तेथे होते. समाधीची जागा झाडून साफ केली ती नारा, विठा, गोंदा, महादा या त्यांच्याच मुलांनी असे सांगतात. ज्या मंडळींत आपला अपमान झाला त्या मंडळींचे चरित्र नामदेवांनी आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत लिहिले. त्यांनी मनात अढी धरली असती तर त्या त्रयोदशीला काय घडले ते आज आपल्याला कोण सांगता?

पुढे सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यात हाडे कोणाची कोणती ते कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पदरात घेतली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. हे काम करणारे नामदेव तेव्हा अडुसष्टीला आलेले होते. ज्या चोखोबांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांना देवाच्या समोर जागा मिळाली ती नामदेवांमुळे.

आणि पंजाब! पंढरीबाहेर न पडणारा हा शिंपी कीर्तन करीत पंजाबपर्यंत गेला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी वर्षानुवर्षे राहिला. परक्या मुलखात, परक्या भाषेत त्यांनी पदे रचली. सन १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा ती त्यात घेतली. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. पंजाबातले भक्त त्यांची समाधीही घुमानलाच मानतात. सन २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, आणि इतक्या लांब मराठी मंडळी जाण्याचे कारण एकच, तेरला बद्द वाजलेले ते मडके.

धंद्याची गोष्ट मागे राहिली होती. नामदेवांच्या वाणीत शिंप्याचा गज आहे, कात्री आहे, सुईदोरा आहे. अगदी पंजाबच्या पदांतही आहे. ज्या धंद्याला त्यांनी आणि त्यांच्या घराने भक्तीचा वैरी ठरविले होते, तोच तिचे अवजार झाला. वैर कधी नव्हतेच, ते मानलेले होते. आणि घरचे? गोणाई, राजाई, चारी मुलगे, जनाबाई, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. जे घर कुरकुरत होते तेच कीर्तनाला उभे राहिले. राजाईची कुरकुर त्यानंतर साफ थांबली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या घरचा अनुभव तसा नाही.

आम्ही तीन महिन्यांनी भजनाला गेलो. काही बोललो नाही, मागे टाळ घेऊन बसलो. तो चरण आला तेव्हा ते अक्षर नीट म्हटले. पोराने आमच्याकडे पाहिले नाही, हा त्याचा मोठेपणा. आता आमच्याकडे पाठ तोच सांगतो. अजून कधी कधी कानशिले तापतात, नाही असे नाही.

नामदेवरायांनी शके १२७२ मध्ये, सन १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, ऐंशीव्या वर्षी पंढरपुरात देह ठेवला. जागा मागितली ती गाभाऱ्याजवळची नव्हे. ज्याच्या हातून देव जेवला त्याने महाद्वाराची पायरी मागितली, येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून. एके दिवशी डोक्याला थापटणे लागले तर ज्याला सोसले नव्हते, त्याने कायमचे पाय मागून घेतले. समोर चोखोबांची समाधी आहे. आषाढी-कार्तिकीला रांग महाद्वाराशी येते तेव्हा माणसे वाकतात, पायरीला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात, आणि तिच्यावर पाय पडू न देता आत जातात.